गाडीवानाला वाटा सांगू नका

सगळ्या वाटा शेवटी एकाच ठिकाणी जातात, असं म्हणणाऱ्यानं कधी बैलगाडी हाकलेली नसते. मी चाळीस वर्षं हाकली. धानोऱ्याच्या वाटेनं निघालेला माणूस काठी गावाला पोचला, असं माझ्या पाहण्यात नाही. वाट चुकली की बैल दमतात, एवढंच पाहिलं.

बायको हिवतापानं पडली तेव्हा गाडीत गोधडी अंथरून मी तिला तीन ठिकाणी नेलं. आधी डोंगराच्या पायथ्याला भगताकडे. त्यानं दाणे टाकून पाहिले, कोंबडं घेतलं नि तिच्या मनगटाला काळा दोरा बांधला. वर बजावलं, आता दुसऱ्या कुणाच्या दारात जायचं नाही. ताप हटला नाही, म्हणून गेलोच. नंदुरबारच्या दर्ग्यात. तिथला मुजावर तसा भला म्हातारा, पण काळा दोरा पाहून त्याचं तोंड आंबलं. जंगलातल्या देवाचं हातात ठेवून इथं काय मागता, म्हणाला. मी दोरा कापला. त्यानं हिरवा बांधला, डोक्यावरून मोरपिसं फिरवली. त्या दिवशी तिनं अर्धी भाकर खाल्ली. झालं, तिचा जीव त्या हिरव्या दोऱ्यावर बसला. ताप पुन्हा चढला तरी मनगट धरून पडायची.

मग माझा चुलता बोलायला लागला, आपलं सोडून कुठं भटकतो म्हणून. त्याच्यापायी तापीकाठच्या मठात नेलं. तिथला महाराज गोरागोमटा, बोलणं पुस्तकातलं. हिरवा दोरा दिसला नि तो दोन पावलं मागं सरला. हा काढल्याशिवाय अंगारा लागू पडणार नाही, उलट अंगावर उलटेल, म्हणाला.

तिनं मनगट पोटाशी दाबलं. "ऱ्हाऊ द्या ना. एखादा तरी देव जागा व्हई."

महाराज हसला नाही. मीही हसलो नाही. दोरा कापला.

मोठ्या देवांचं हे असं. तापाला भीत नाहीत, सुताला भितात.

शेवटच्या दिवशी तिची आई उशाशी होती. बायको मला म्हणाली, "तो दोरा बांधी द्या." हिरवा दोरा कोनाड्यातच पडलेला होता, माझ्यापासून हातभर अंतरावर. पण अंगारा उलटेल ही धास्ती मनात. म्हणालो, उद्या पाहू. दुसऱ्या दिवशी ती नव्हती.

तेराव्याला महाराज जेवायला आला. पानावर बसून पंगतीला सांगायला लागला की माउली पुण्यवान होती, तिनं भगत पुजला, पीर पुजला, मठात आली, आणि ते सगळं एकालाच पोचलं. नावं वेगळी, वाटा वेगळ्या, वस्तू एकच. पंगत माना डोलवत होती. वरणाची वाटी दोनदा भरून घेणाऱ्याला सगळं एकच दिसतं.

मी वाढत होतो. पळी खाली ठेवली. म्हणालो, "मंग तो हिरवा दोरा तुम्हीन कशाले तोडाले लावा?"

त्यानं घास पुन्हा पानात ठेवला. मग म्हणाला, "बाबा, ती व्यवहाराची गोष्ट. ही तत्त्वाची."

म्हणजे माणूस जिवंत आहे तोवर व्यवहार, आणि मेल्यावर तत्त्व. हे तत्त्व त्यानं मठातच सांगितलं असतं तर मी तिला दोरा बांधला असता. ती वाचली असती असं म्हणत नाही. मागितलेलं मिळालं असतं.

जेवण झाल्यावर मठापर्यंत गाडीनं सोड, असा त्याचा निरोप आला. मी म्हणालो, "पायी जा महाराज. कोणतीबी वाट धरा, पोचशात." चुलत्यानं सगळ्यांदेखत मला निर्लज्ज म्हटलं आणि स्वतः बैल जुंपले.

गाडी गेली, माणसं पांगली. मी ओट्यावर बसून राहिलो. आत तिची आई भांडी घासत होती. दोरा मागितला तेव्हा ती तिथंच होती, पण तेरा दिवसांत त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. अंधार पडला तरी मला आत जाववेना.