शेजारच्या सीटवरचा मिस्त्री

ब्राह्मणपुरीच्या रस्त्यावर माझ्या वडिलांचं, आबांचं, गॅरेज आहे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात गेला. जन्मभर पाना धरलेला माणूस खाटेवर पडून छपराचे पत्रे मोजत बसलेला मला बघवेना, म्हणून मी वाचनालयातून मोटारींच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यातलं एकच प्रकरण त्यांनी मला पंधरा-वीस वेळा वाचायला लावलं.

ते होतं फ्रान्समधल्या पहिल्या ग्रां प्रीचं, एकोणीसशे सहा सालचं. शर्यत दोन दिवस चालली. उन्हानं रस्त्यावरचं डांबर पाघळलं आणि टायर पटापट फुटू लागले. गाडीत दोनच माणसं असत, चालवणारा आणि शेजारी बसलेला मिस्त्री. काही बिघडलं तर त्या दोघांनीच नीट करायचं, तिसऱ्यानं बोटही लावायचं नाही. बरेच जण फुटलेला टायर सुरीनं कापून काढत होते आणि नवा चढवता चढवता घामाघूम होत होते. जिंकणाऱ्याकडे मात्र रिमसकट तयार टायर होते. जुना सोडायचा, तयार लावायचा आणि निघायचं.

"तो कसाना मिस्त्री? आयतं चाक बसाडी दिधं," आबा दर वेळी म्हणत. "खरा मिस्त्री तो, जो सुरीघाई टायर कापी ऱ्हायंता."

"शहाणा तोच," मी म्हणायची. "तयारीनं आला होता." मग आमची जुंपायची आणि आई दोघांनाही चहा देऊन गप्प करायची.

गॅरेज तोवर मीच बघत होते. आबा दाराजवळ खुर्ची टाकून बसत, पण एखादा नटही हातात घेत नसत. डाव्या हातानं चुकलं आणि लोकांनी पाहिलं तर, ही लाज. सुरतेला असलेला भाऊ रोज फोन करून गाळा भाड्यानं द्या म्हणायचा. बाईच्या हातून गॅरेज चालत नाही, असं त्याचं ठाम मत. त्याचा मला संताप यायचा, पण त्याहून जास्त आबांच्या गप्प बसण्याचा यायचा. शेवटी एका सकाळी त्यांनी मला अट घातली. घरची जुनी जीप घेऊन चांदसैलीचा घाट चढायचा, उतरायचा आणि परत यायचं. वाटेत काहीही झालं तरी बाहेरचा हात लागता कामा नये. जमलं तर गॅरेज राहील, नाहीतर गाळा भाड्यानं जाईल. ते स्वतः शेजारी बसणार होते, बघायला.

वैशाख होता. तळोदा सोडलं तेव्हाच स्टिअरिंगला हात लावला की चटका बसत होता. चढावर पहिला टायर बसला. मी जॅक लावला, स्टेपनी चढवली, हात पुसले आणि त्यांच्याकडे बघून म्हटलं, "बघा, आयतं चाक." 

उतारावर दुसरा टायर गेला. आता स्टेपनी नव्हती. पाठीमागे होत्या टायर उचकटायच्या दोन लोखंडी टॉमी, शिवाय पॅच, सोल्यूशन आणि हातपंप. चाक काढलं, हातोडीनं ठोकून टायर रिमपासून सुटा केला. पण एका टॉमीनं कडा उचलून धरली की दुसरी लावेपर्यंत पहिली निसटायची. तीन वेळा, चार वेळा, किती वेळा कोण जाणे. बोटांची सालं निघाली. डांबर चपलांना चिकटत होतं. माणसांनी भरलेली एक जीप थांबली.

"ताई, उतरू का? दोन मिनिटनं काम शे," तिचा ड्रायव्हर म्हणाला.

"कोणीच हात नका लावा!" आबा आतून ओरडले. ती जीप गेली, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला आबांचा राग आला. रडूही आलं. पण गाळ्यावर दुसऱ्याची पाटी लागलेली डोळ्यांसमोर आली आणि मी पुन्हा टॉमी उचलली. पुन्हा निसटली.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतक्या वेळा वाचलेलं पुस्तक, आणि मी एकटीच झगडत होते.

"आबा," मी म्हटलं, "नियममा दोन जण शेतस."

 मग त्यांनी काठी बाहेर टेकली. मी हात दिला नाही, दिला असता तर ते परत आत बसले असते. ते स्वतःच उतरले, चाकाजवळ फतकल मारून बसले आणि डाव्या हातानं टॉमी दाबून धरली. या वेळी टॉमी निसटली नाही. "आते लाव तुन्ही," ते म्हणाले. मी दुसरी लावली. कडा सर्रकन निघाली.

पॅच मारला, टायर चढवला, हवा भरली आणि आम्ही निघालो. 

घरी पोचलो तेव्हा भावाचा फोन वाजतच होता. आबांनी तो काळ्या झालेल्या डाव्या हातानं घेतला.

"गाळा देवाना नही," ते म्हणाले. "गाडी ती चालाडस. मी तिना मिस्त्री शे."