आठ दिवस कशाला?

आमचे आश्रुबामामा घरातसुद्धा चपला घालून फिरतात. एकदा कुणाच्या तरी लग्नात त्यांच्या चपला गेल्या, तेव्हापासून हा माणूस पंगतीत चपला मांडीखाली घेऊन जेवतो. घरात कोण चोरणार, असं विचारलं तर म्हणतात, "चोर काय सांगून येतो व्हय?" झरी गावात त्यांच्याइतका संशयी माणूस दुसरा न्हाई. दूधवाल्याचं माप, डॉक्टरची सुई, जावयाचं हसणं, कशावरच भरवसा न्हाई.

त्यांची बायको बायनाबाई माझी सख्खी आत्या. मी योगीराज, गंगाखेडला वायरिंगची कामं करतो. दिवाळीत भेटायला गेलो तर आत्या हाताला पदर गुंडाळून फ्रिज उघडायली होती. म्हणाली, झिणझिण्या येतात रे, नळालाबी येतात, ओल्या भिंतीलाबी. मी फ्रिजच्या दाराला टेस्टर लावला, तर पेटलाच. भिंतीतल्या वायरींचं रबर पार झडलेलं, अर्थिंगचा पत्ता न्हाई, आणि ही बाई दिवसभर अनवाणी, ओल्या हातानं तिथंच वावरायली. एखाद्या दिवशी आत्या तिथंच चिकटून राहील, ही धास्ती माझ्या मनातून जाईना.

मामाला टेस्टर दाखवला तर म्हणाले, "टेस्टर तुझा. तो तुझ्याच बाजूनं पेटणार."

वर स्वतः फ्रिजला हात लावून दाखवला. काही झालं न्हाई. कसं होईल, पायात रबरी चपला! मी म्हणालो, मामा, चपलांमुळं तुमाला करंट लागत न्हाई. त्यांनी चपलांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि उठून बाहेर गेले. आत्याला वर ऐकवलं की तुझी ही माहेरची नाटकं मला कळतात. लय राग आला मला, पण करता काय?

मी पिच्छा सोडला न्हाई. शेवटी किती दिवस लागतील, एवढं विचारायला तयार झाले. मी म्हणालो, आठ. अख्खं घर अंधारात ठेवायचं न्हाई, म्हणून एकेक खोली घ्यायची. भिंत फोडून पाईप बसवायचा, वरचं सिमेंट वाळू द्यायचं, मग वायरी ओढायच्या. मामा डोळे बारीक करून ऐकायले होते.

सिमेंट वाळेपर्यंत तू काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दुसरी खोली.

"म्हंजे खोलीखोलीनं माझं घर बघणार."

आठ दिवस मी रोज कोंबडी हाणणार, असाही त्यांचा हिशोब होता. मग मामांनी परभणीच्या मिस्त्रीला विचारलं. तो पाच दिवस म्हणाला, तर मामांच्या मते हा नुसता चुना लावणार. सेलूच्या मिस्त्रीनं आठ सांगितले, तर तो मला मिळालेला. अखेर आत्यानं माहेरी जायला कपड्यांची पिशवी भरून उंबऱ्यावर ठेवली, तेव्हा कुठं मामा कामाला हो म्हणाले.

काम सुरू करायचं म्हणजे नारळ आला. देव्हारा स्वयंपाकघरात, फ्रिजला लागून. मी फोडतो म्हणालो, तर घर माझं हाय म्हणून मामाच पुढं झाले. देवापुढं मात्र चपला चालत न्हाईत. त्यांनी त्या दाराशी काढल्या, मला दारापासून लांब उभं केलं आणि खाली बसून नारळ फोडला. पाणी फरशीवर पसरलं. मी मेन स्विच बंद करायला वळलो, तेवढ्यात मामांनी उठायला फ्रिजचा आधार घेतला.

असा झटका बसला की मामा मागं फेकले गेले आणि भिंतीला टेकून बसले. मी धावत जाऊन मेन पाडला. कुणी हसलं न्हाई. मामा हात चोळत आत्याला म्हणाले, "कवापसून हाय हे?"

आत्या नारळाचे तुकडे गोळा करायली होती. वर न बघता म्हणाली, "मी सांगायले तवापसून."

मामांची मान खाली गेली. माझ्याकडं वळून म्हणाले, "आठ दिवसांत होईल का समदं? घाई तर करणार न्हाईस ना तू?"

मग उठले, दाराशी गेले, चपला उचलून आणल्या आणि आत्याच्या पायाशी ठेवल्या. घाल म्हणाले आणि अनवाणीच बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले.

आत्या त्या चपलांकडं बघत उभी राहिली. पाय काही घालेना. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "योगी, ह्यात काय डाव आसंल रे ह्यांचा?"