विषय न कळणारी परीक्षक

सीए इंटरचा पहिला ग्रुप माझा निघाला, पण दुसरा दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा ऑडिटमुळेच. दुसऱ्या निकालानंतर पप्पा शांतपणे म्हणाले, "अजून एकदा बस. नाही झालं, तर मानपाड्याच्या एका कंपनीत अकाउंट्सला जागा आहे. मी बोलून ठेवलंय." आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. याहून जास्त मागायचा मला धीर नव्हता. मी हो म्हटलं.

क्लास लावणं शक्य नव्हतं. आंबिवलीला आमच्या विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून तिथे टेबलं आणि पंखे बसवलेत. त्या माणसांचे उपकार मी कधी विसरणार नाही. तिथे बाकी सगळे एमपीएससीवाले. ते पर्यायांच्या पूर्वपरीक्षेसाठी पुस्तकांत रेघा मारत, पुन्हापुन्हा वाचत. त्यांचं बघून मीही तेच करत होते. ऑडिटचं पुस्तक पिवळं, हिरवं, गुलाबी झालेलं. छापलेलं उत्तर वाचलं, की हे आपल्याला येतं असं वाटायचं. परीक्षेत मात्र कोरं पान समोर आलं, की मराठीत सुचलेला मुद्दा इंग्रजीत उतरेपर्यंत वेळ निघून जायचा.

शेजारच्या टेबलावर एक ताई बसायची. एक दिवस तिने विचारलं, "ए सीए, तुझा पेपर पर्यायांचा असतो का गं?"

"थोडासा. बाकी लिहायचा."

"मग लिहिताना तर तुला कधी बघितलं नाही. नुसती रंगपंचमी चाललीये."

राग आला. पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी मी जुना पेपर घेऊन गेले आणि तिलाच सुपरवायझर केलं. दुपारी दोन ते पाच, परीक्षेचीच वेळ. पाचला तिने हातातून पेपर ओढला.

"अगं ताई, एक मुद्दा राहिलाय!"

"सेंटरवर पण अशीच ओरडणारेस का?"

पेपरही तूच तपास, असं मी म्हटल्यावर ती हसली. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच तू तपास. मी तपासला तर मनातलंही लिहिलंय असं धरून मार्क देईन."

ती छापील उत्तर शेजारी ठेवून एकेक मुद्दा शोधायची. सापडला नाही, तर मार्क नाही.

"ताई, मला तेच म्हणायचं होतं गं."

"म्हणायचं होतं ना? मग लिहायचं होतं."

पहिल्या पेपरात मी नापास, दुसऱ्यातही. सुटलेल्या मुद्द्यांना ती गोल करायची. सकाळी पुस्तक बंद ठेवून मी फक्त तीच उत्तरं पुन्हा लिहायचे. आधी मुद्द्याचं नाव, मग त्याखाली एक साधं, लहान इंग्रजी वाक्य. लांबलचक वाक्यांचा हट्ट सोडला. मार्कांप्रमाणे मिनिटं वाटून घेतली. वेळ संपली की आवडता प्रश्नही अर्धा सोडून पुढे जायचं, हे सगळ्यात जड गेलं. हळूहळू गोल कमी झाले. तेव्हा ती आणखी कडक झाली. "हे अक्षर कोण वाचणार गं? खोडून परत लिही."

ठाण्याच्या सेंटरवर ऑडिटचा पेपर मी पहिल्यांदाच एकही प्रश्न न सोडता लिहिला.

निकालात ग्रुप निघाला. आधी ताईला सांगितलं. "मीच तपासलेला पेपर, नापास कशी होशील!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की अख्ख्या अभ्यासिकेने मान वर केली.

घरी पप्पांनी निकाल दोनदा वाचायला लावला. मग चप्पल घालून दारातच उभं राहून त्यांनी मानपाड्याला फोन लावला. "ती जागा दुसऱ्या कुणाला द्या साहेब... नाही नाही, नाराज कशाला? पोरगी आता आर्टिकलशिपला जाणार. काम करता करता शिकतात ते. पुढे अजून फायनल आहे तिची."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "बरोबर सांगितलं ना मी?"

"एकदम बरोबर," मी म्हटलं.