पाच खणांचे घर आणि साठ नग

ती घटना मी विसरलेलो नाही. नोकरीतल्या यशाच्या गोष्टी मी घरी पुष्कळदा सांगितल्या. ही सांगितली नाही.

साल एकोणीसशे सत्तरच्या आसपासचे. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी फौजदार होतो. जवळच्या धरणात काही गावे जाणार होती. लोकांनी घरांची भरपाई घेतली होती, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत घराचे लाकूड-दगड ज्याचे त्याने न्यायचे होते. तारखेनंतर राहील ते ठेकेदाराचे. त्याने ते लिलावात घेतले होते. सरकारी कागदात या सगळ्याला एकच शब्द होता : ‘निरुपयोगी सामान’.

तारीख उलटून आठ दिवस झाले होते. सकाळी ठेकेदाराचा मुकादम ठाण्यात आला. रिकाम्या घरांतले सागवान गायब होते आहे, आणि आताच तीन गाड्या नव्या गावठाणाकडे गेल्या, अशी त्याने खबर दिली. मी ठाणे डायरीत नोंद केली, हवालदार आणि दोन शिपाई घेतले आणि गाड्या वाटेतच अडवल्या. गाड्यांबरोबर एक मध्यमवयीन शेतकरी आणि त्याची बायको होती. लाकूड आपल्याच घराचे आहे, तारखेआधी उतरवून मेव्हण्याच्या मळ्यात ठेवले होते, असे तो म्हणाला. कागद मात्र एकही नव्हता.

पंचनामा मी स्वतः लिहिला. खांब बारा, तुळया सहा, तुळयांवर आडवे टाकायचे सरे चाळीस, दारचौकटी दोन. एकूण नग साठ. मोजताना तुळयांवर आणि खांबांवर पटाशीने पाडलेल्या खाचा दिसल्या. कुठे एक, कुठे दोन, अशा सहापर्यंत. मला वाटले, धागा सापडला. सहा जणांनी मिळून चोरी केली आणि वाटणीसाठी माल आखून ठेवला. पंचनाम्यात मी तसेच लिहिले आणि वरिष्ठांना फोनवर तसेच कळवले. त्यांनी शाबासकी दिली.

दोन दिवस कोठडीत मी त्या माणसाला एकच प्रश्न विचारला, बाकीचे पाच कोण. खाचा सुताराच्या आहेत, घर उतरवताना पाडतात, असे तो सांगत राहिला. चोराकडे गोष्ट तयारच असते, असा माझा अनुभव होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या तोंडात मारली. एकदा नव्हे, दोनदा. त्यानंतर तो बोलेनासा झाला, आणि गप्प बसणे हा मी गुन्ह्याचा पुरावा धरला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या गावचा म्हातारा सुतार लाकडी मोगरी खांद्यावर टाकून आपणहून आला.

“फौजदार सायब, लाकडं मोकळी करा. हितंच घर उभं करून दावतो. खांबाचं कुसू तुळईच्या भोकात बसलं तर घर त्याचं. न्हाई बसलं तर मला बी आत घाला.”

मुद्देमाल ठाण्याच्या आवारातच होता. मी हो म्हणालो, ते निम्मे गमतीने. खांब धरायला शिपाई दिले. हवालदार म्हणाला, “म्हातारबा, ठाण्यावर माडी चढवता काय?”

“तुमी धरा निस्तं. वाकडं धरू नका, सवय आसंल तरी.”

शिपाई हसले. हवालदार हसला नाही.

एका खाचेच्या तुळईखाली एका खाचेचे दोन खांब, दोन खाचांच्या खाली दोन खाचांचे. बोट फिरवून सुतार खाच ओळखायचा, पाहायचाही नाही. सहा तुळया, त्यांच्यामध्ये पाच खण, प्रत्येक खणात आठ सरे. एक खिळा लागला नाही. दुपार कलेपर्यंत आवारात घराचा सांगाडा उभा होता आणि जमिनीवर एकही नग उरला नव्हता. सुतार म्हणाला, यातले चार खांब ह्याच्या आज्याच्या घरातले, त्याच्याही आधी कुठल्या घरात होते कोण जाणे. शेतकऱ्याची बायको सकाळपासून कुंपणाशी बसली होती. ती उठली, चौकटीतून आत गेली, चुलीच्या जागी उभी राहिली आणि तशीच बाहेर आली.

तलाठ्याकडची नोंद मी मागवली. घर पाच खणांचेच होते.

इथे मी प्रकरण मिटवायला हवे होते. त्यासाठी ‘माझी चूक झाली’ असे वरिष्ठांना लिहावे लागले असते. मी लिहिले, ‘ओळख निर्णायक नाही, न्यायालयाने ठरवावे.’ त्याला जामीन मिळाला. लाकूड सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमी घेऊन, मालकाला देता येत होते. माझ्या एका शिफारशीचे काम होते. मी ती केली नाही. सांगाडा उतरवून लाकूड कुंपणाला लावून ठेवले.

खटला दोन वर्षे चालला. नवऱ्याबायकोने ती दोन्ही वर्षे नव्या गावठाणात पाचटाच्या खोपटात काढली. आवारातल्या लाकडाला खालून वाळवी लागली. दुष्काळात सरपण मिळेना, तेव्हा साहेबलोकांच्या अंघोळीच्या पाण्याखाली सरे गेले. एका तुळईचे बाकडे झाले. त्यावर मीही बसत असे.

तो निर्दोष सुटला आणि माल घ्यायला आला. बरोबर बायको आणि सुतार होते. मी मोजले : खांब नऊ, तुळया चार, सरे एकवीस, चौकट एक. पस्तीस. सुताराने मोजले नाही. त्याने खाचांवर बोट फिरवले.

“तीन नंबर न्हाई, पाच नंबर न्हाई. सायब, हे घर आता उभं ऱ्हात न्हाई.”

मी पावती लिहून पुढे केली. नवरा कागदाकडे पाहत उभा राहिला. पावती दिल्याशिवाय माल मिळणार नव्हता, हे त्याला ठाऊक होते. शेवटी बायकोच म्हणाली, “द्या वो आंगठा. दोन खण तरी व्हत्याल.”

सिमेंट मिळत नाही, सामान जपून वापरा, असे हल्ली सभांतून ऐकतो. त्या गावातली माणसे तेच करत होती, तीन पिढ्यांपासून. लाकूड वाया घालवले ते आम्ही, कायद्याच्या कुंपणात ठेवून. तपासाबद्दल शिकलो ते इतकेच की आकडा बरोबर असला म्हणून अर्थ बरोबर असतो असे नाही. साठ नग मी अचूक मोजले होते. ते एक घर आहे, हे डोळ्यांसमोर उभे राहिल्यावरही मी लिहिले नाही.

ती पावती त्या खटल्याच्या कागदांत असेल. ‘माल पूर्ण मिळाला, तक्रार नाही.’ खालचा अंगठा त्याचा आहे. वरचे अक्षर माझे.