कमरेच्या पट्ट्याची साक्ष

नववीत असताना शाळेत एक डॉक्टरबाई आल्या आणि आमच्या वयाच्या पोरी दिवसभरात किती हलतात ते मोजायला सगळ्यांच्या कमरेला पट्टे बांधून गेल्या. पट्ट्यावर काड्यापेटीएवढं यंत्र. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कारण मला फुटबॉल खेळायचा होता. दादा रोज संध्याकाळी मैदानावर, मी विचारलं की आबांचा ठरलेला सवाल, "आन् म्हशीच्या धारा कोन काढनार?" आता यंत्रच सांगेल पोरगी किती राबते. मग सुट्टी द्यावीच लागेल.

त्या आठवड्यात मी अशी राबले, की म्हशीसुद्धा "पुरे की गं" म्हणायच्या बेतात होत्या. भाकऱ्यांची चवड पत्र्याला टेकली. धुणं असं आपटलं, की शिवाजी पेठेतली निम्मी माणसं भूकंप समजून रस्त्यावर आली.

निकाल लागला. वर्गात सगळ्यात आळशी मी! "ही मुलगी बहुतेक वेळ बसून असते."

बसूनच होते की! धारा बसून, भाकऱ्या बसून, शेणी थापायच्या बसून, धुणं बसून. हात तुटेस्तोवर चालले. कंबर तेवढी हलली नाही, आणि यंत्र बांधलेलं नेमकं कमरेला.

डॉक्टरबाई भल्या. घरी येऊन म्हणाल्या, "हिला रोज खेळायला पाठवा." माझं काळीज मैदानावर पोचलंसुद्धा. आबांनी त्यांना दाट दुधाचा चहा पाजला. "पाठवतो की, बाई."

बाई कोपऱ्यावरून वळल्या आणि आबा माझ्याकडं वळले. "ऐकलंस न्हवं? नुसती बसून असतीस. उद्यापास्नं दुधाचा रतीब तू घालायचा. चालत."

"रतीब दादा घालतोय की, सायकलवरनं."

"त्येच्या मॅचा हाईत. दमतंय पोरगं."

"आन् धारा?"

"त्या बसूनच काढत्यात की. त्यात कसलं आलंय काम?"

झालं. दादा सकाळचाही मैदानावर जायला लागला आणि मी दोन्ही हातांत किटल्या घेऊन पेठेतले जिने चढायला. एवढे चढले, की एक जिना अजून असता तर थेट स्वर्गात रतीब लागला असता.

पुढच्या वर्षी परत पट्टे. या खेपेला पहिली मी! डॉक्टरबाईंनी मला सगळ्या शाळेसमोर उभं केलं. "बघा, खेळानं किती फरक पडतो! कुठला खेळ खेळतेस गं?"

किटलीच्या कडीनं पडलेले घट्टे मी मुठीत झाकले.

"फुटबॉल," म्हटलं.

काय टाळ्या पडल्या! दादाला गोल मारूनही कधी तेवढ्या पडल्या नाहीत.