वाणाच्या बांगड्या

टेम्पो भरून झाला होता. कपाट, गादी, बांगड्यांच्या पेट्या, सगळं दोरीनं आवळलं होतं. हे पुढं ड्रायव्हरशेजारी बसून हाका मारत होते. आणि आक्का, तू टेम्पोच्या मागच्या फळीला टेकून हात पुढं केलास. "भर गं भाभी. जाता जाता भरून जा." मी एक पेटी पुन्हा सोडली. तुझं बघून शेजारच्या दोघीतिघी आल्या. यांनी हॉर्न वाजवायला लावला, तर तू ओरडलीस, "आवं, बायकू न्हेताय ती न्हेताय, जरा दम धरा की!" सगळ्या हसल्या. मग माझा हात धरून म्हणालीस, "ह्या बांगड्या माज्या हातात हाईत तवर तू गावातच हाईस असं समजू."

फोनवर मला बोलता येत नाही. तू विचारतेस आणि मी "बरं हाय" म्हणते. म्हणून हे लिहिते आहे. चौथीपर्यंतचंच लिहिणं आहे, पण कागद बोलणं मध्येच तोडत नाही.

आपल्या गावात आम्ही मणेर एकच घर. बांगड्या भरायच्या त्या आमच्याकडेच, असं कुणी ठरवलेलं नव्हतं, तरी ठरलेलं होतं. बाहेरचा बांगडीवाला गल्लीत आला तर तुझी सासू त्याला पाणी द्यायची आणि वाटेला लावायची. "आमचा मणेर हाय की आमाला." पण आमच्या ओट्यावर बसली की तीच सासू म्हणायची, "असला फिका रंग कुणाच्या मढ्यावर घालायचा?" अब्बा हसायचे. लग्न होऊन आले तेव्हा सासरे म्हणून त्यांनी मला एकच शिकवलं होतं, "बेटा, हात धरला की घाई नाही करायची. बाई बोलंल तेवढं बोलू द्यायचं." पंचमीला माहेरवाशिणी यायच्या, हात माझ्या हातात द्यायच्या आणि सासरचं सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या.

मग पोरी कवठ्याच्या बाजारातून आणायला लागल्या, नंतर मोबाईलवरून. कुणाचं चुकलं असं नाही. अब्बा गेले, ओटा ओस पडला, आणि आम्ही साताऱ्याला आलो. यांना एका सोसायटीत वॉचमनची नोकरी मिळाली आणि पार्किंगच्या कडेला एक गाळा भाड्यानं मिळाला.

पहिले काही महिने त्या गाळ्यात मी नुसती बसून असायची. इथं बायका गाडीवरून उतरतात, लिफ्टनं वर जातात. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या शुभदावहिनी थांबल्या. बायकांच्या मंडळाच्या त्या पुढारी. फार चांगली बाई. त्यांनी ग्रुपवर टाकलं की आपल्या दारातलं दुकान आपणच चालवायचं, ऑनलाइन काही मागवायचं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी वाण म्हणून बांगड्याच लुटायच्या, आणि त्या भाभींकडूनच घ्यायच्या.

आक्का, माझं दुकान भरून वाहिलं. हे ड्युटीवरून येऊन बॉक्स बांधत बसायचे, लाल दोऱ्यानं. बायका यायच्या, "मधल्या मापाच्या द्या" म्हणायच्या आणि न्यायच्या. सांगितलेली किंमत देऊन टाकायच्या. कुणी घासाघीस केली नाही, कुणी रंगाला नाव ठेवलं नाही. हात मात्र कुणी पुढं केला नाही. मी म्हटलं, शहर आहे, घाईत असतील.

शुभदावहिनींनी मलाही हळदीकुंकवाला बोलावलं. मी दाराशीच बसले. कुंकवाचं बोट माझ्यापाशी येऊन जरासं थांबलं, मग त्यांनी हाताला अत्तर लावलं आणि वाण दिलं. बॉक्सला आमचाच लाल दोरा, यांचीच गाठ, न सुटलेली. राणी रंगाचा तो एकच बॉक्स होता, झाकण चेपलेला. मी तो चौथ्या मजल्यावरच्या बाईंना विकला होता. तिथून तो कुणाकडे, तिथून कुणाकडे, असा फिरत माझ्या ओटीत आला होता. मी वर बघितलं. खोली बायकांनी भरली होती. कुणाच्या हातात घड्याळ, कुणाच्या हातात सोन्याचं एक कडं. काचेची बांगडी एकीच्याही हातात नव्हती.

हे म्हणाले, "दुकान चाललंय न्हवं? मग हातात गेल्या काय आन् कपाटात गेल्या काय!" त्यांचं बरोबर होतं. भाडं त्यातूनच जायचं. पण मला अन्न गोड लागेना.

तू मला मुकी म्हणायचीस. तर ऐक. दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानाशी आल्या तेव्हा मी म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी वाणाला बांगड्या नका घेऊ."

"का हो? परवडत नाही का?"

"तसं न्हाई. कुणी घालत न्हाई त्या."

त्या लाल झाल्या. "अहो, तुम्हाला मदत व्हावी म्हणून..."

"व्हय, ठावं हाय मला. पण हात घिऊन या की कवातरी."

त्यांनी हात दिला. निम्म्या बांगड्या चढल्या आणि त्यांचा फोन वाजला. "अहो, सोडा, सोडा!" म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या आणि फोन वाजू दिला.

पण बाकीच्यांना ते लागलं असणार. पुढच्या संक्रांतीला मंडळानं एका गरजू बाईकडून कापडी पिशव्या घेतल्या. तिचंही भलं होवो. माझे बॉक्स राहिले, गाळा सोडावा लागला. हे म्हणाले, "जन्मात एकदा तोंड उघाडलंस, ते बी गिऱ्हाईक घालवायला." मी उरलेले बॉक्स घरात आणून ठेवले. त्या गाळ्यात आता ऑनलाइनची पार्सलं ठेवतात.

मी पिशवीत थोड्या बांगड्या घालून बोलावतील त्या घरी जाते. चारपाच घरं आहेत. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या हातात भरताना एक बांगडी तडकून वाढली. ती एकदम भडकली, "भाभी, नीट भरा की जरा! आधीची तरी बरी बसली होती का?" आक्का, साताऱ्यात आल्यापासून माझ्यावर एकही गिऱ्हाईक रागावलं नव्हतं. मी खाली मान घालून दुसरी बांगडी काढली. डोळे भरले होते, ते तिला दिसू दिले नाहीत. मग ती आपण होऊन लेकीचं सांगत बसली, जावई कसा आहे ते.

तू विचारतेस, घरला कवा येतीस. तिथल्या घराला कुलूप आहे आणि इथलं घर नोकरी आहे तोवर आहे. कुणाचा हात माझ्या हातात असतो, तेवढा वेळ मी घरी असते. मग तो हात सुटतो आणि मी पिशवी उचलते.