पुळणकाका आणि मर्यादवेल

“अजून आत घे रे. माझी माणसं चालत जाणार काय?”

पहिल्या सीटवरून पुळणकाका ड्रायव्हरला सांगत होते. डांबरी रस्ता मागेच संपला होता. हिरवीगार वेल चाकांखाली चिरडत बस थेट वाळूत शिरली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि बस रुतली.

पाहुण्याला पायपीट करायला लावणं काकांच्या स्वभावातच नव्हतं. चाकणच्या एका कंपनीत ते सुपरवायझर होते. दर जानेवारीत शिफ्टची अदलाबदल करून ते आमची कासारवाडीची अख्खी सोसायटी कोकणातल्या आपल्या गावी न्यायचे. समुद्रकिनाऱ्याला ते पुळण म्हणायचे, म्हणून आम्हा मुलांचे ते पुळणकाका. मी इंग्रजी शाळेतली. हा शब्द मला त्यांच्यामुळेच कळला.

बस रुतली त्याच्या पुढच्या वर्षी समुद्र आणि त्यांच्या भावाची माडांची वाडी यांच्यामधली, त्याच वेलीने झाकलेली वाळूची टेकडी सपाट झालेली होती. काकांनी जेसीबी लावला होता. “काय ग्राऊंड केलंय, राव!” कोणीतरी म्हणालं. “तुमच्यासाठीच,” काका म्हणाले. मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं.

आमचे फोटो बघून दुसऱ्या सोसायट्या यायला लागल्या. मग जीपवाले आले, भज्यांच्या गाड्या आल्या, वाळूवर फिरवायच्या चार चाकांच्या मोटारसायकली आल्या. वेल उरली ती एका कोपऱ्यात. पावसाळ्यात लाटा वाडीपर्यंत पोचू लागल्या आणि समुद्राकडच्या रांगेतले माड एकेक करून आडवे झाले. भाऊ मात्र आम्हाला दर वर्षी शहाळी द्यायचे. काका ओशाळून काही बोलायला गेले की म्हणायचे, “तुझी माणसा खूश आसत मा? मगे झाला.”

हे ऐकून काका जेवताना ताटातला भात नुसता चिवडत बसायचे.

एका वर्षी ते आदल्या दिवशीच गावी गेले. उरलेल्या कोपऱ्यातून त्यांनी वेलीच्या फांद्या आणल्या, सपाट केलेल्या जागी वाळूत दाबून लावल्या आणि भोवती काठ्या रोवल्या. दुसऱ्या दिवशी आमची बस पोचली. पोरांनी त्यातल्याच काठ्या उपटून स्टंप केले आणि खेळ रंगला. फांद्या पायांखाली गेल्या. अंपायर काकाच होते. “नो बॉल!” ते ओरडले तेव्हा त्यांचा आवाज चिरकला. मी सावलीत बसून सगळं बघत होते.

दुपारी ते माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, “ही मर्यादवेल. हिच्या मुळांनी वाळू धरून ठेवलेली. आमच्या आजोबांनी हिला कधी हात लावू दिला नाही. मीच जेसीबी लावला. भावाला मात्र सांगितलं, पंचायतीने सपाट केलं. त्याला अजून तेच खरं वाटतं.” थोड्या वेळाने हसले. “तू कुणाला बोलायची नाहीस, म्हणून तुला सांगितलं.”

“मग त्यांना येऊ नका म्हणा ना, काका.”

“माझ्या तोंडाने? या म्हणणारा मीच ना?”

त्यानंतरही ते दर वर्षी फांद्या लावत राहिले आणि आम्ही दर वर्षी तुडवत राहिलो. मीसुद्धा. समुद्राकडे जायला वाट तिथूनच होती, आणि पाण्यात पाय घातले की मला बाकी सगळ्याचा विसर पडायचा.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. परवा सोसायटीच्या हॉलमध्ये ट्रिपची मीटिंग झाली. सेक्रेटरी उत्साहात होते. या वर्षी दोन बस, त्याच सपाट जागेवर मांडव, वर काकांचा मोठा फोटो. “त्यांना श्रद्धांजली म्हणून. काकांचे भाऊसुद्धा त्यासाठी मुद्दाम गावाहून आलेत, आज इथंच आहेत,” ते म्हणाले. “कुणाला काही बोलायचंय?”

भाऊ पहिल्या रांगेत बसले होते. काकांसारखेच कान, काकांसारखीच मान किंचित वाकलेली. मी गप्प राहिले असते तर काकांची गोष्ट झाकलेलीच राहिली असती, आणि त्या कोपऱ्यात उरलेली वेलही दोन बसखाली गेली असती. मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा एवढा आवाज झाला की सगळ्यांनी वळून पाहिलं. मी मात्र भाऊंकडेच बघत होते.

“ती टेकडी पंचायतीने नाही, काकांनी सपाट केली. आमच्यासाठी. आता आम्ही नको यायला.”